रिकामी पिकअप नाक खाली का घालते?

मेढा हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य गाव. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावणारी वेण्णा नदी मेढ्यावरून कण्हेर धरणाकडे जाते आणि पुढे साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. मेढ्याहून केळघर आणि तिथला घाट चढून गेले की महाबळेश्वर. या रस्त्याने भाताची पोती, दुधाचे कॅन, सिमेंट, भाजीपाला आणि हिवाळ्यात स्ट्रॉबेरीचे क्रेट वाहणाऱ्या पिकअप गाड्या दिवसरात्र ये-जा करतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण ती स्ट्रॉबेरी बाजारपेठेत न चेंगरता पोहोचते ती या गाड्यांच्या पाट्यांवर आणि स्प्रिंगांवर बसून.

अशी एखादी रिकामी पिकअप सपाट जागी उभी असताना बाजूने पाहा. तिचे ढुंगण वर आणि नाक खाली असते. हे डोळ्यांचा भ्रम नाही. शिवणकामाची टेप घेऊन मागच्या चाकावरच्या मडगार्डच्या कमानीचा वरचा बिंदू जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. तसेच पुढचे मोजा. पुष्कळ पिकअपमध्ये मागची उंची चार ते आठ सेंटिमीटरने जास्त भरते. हीच गाडी माल भरून आली की मात्र हा उतार नाहीसा होतो, कधी उलटाही होतो.

अनेक हौशी मालकांना रिकाम्या गाडीचे हे खाली घातलेले नाक आवडत नाही. मग पुढच्या स्प्रिंगेवर धातूची चकती, म्हणजे स्पेसर, बसवून किंवा वेगळ्या बनावटीचे शॉकॲब्सॉर्बर घालून पुढची बाजू तीन-पाच सेंटिमीटर उचलली जाते. अमेरिकेत या कामासाठी तयार संच मिळतात आणि त्यांचा मोठा व्यापार चालतो. आपल्याकडेही मोठ्या, महागड्या पिकअप आल्यापासून ही हौस वाढते आहे.

प्रश्न असा की, हा उतार कारखान्यातली चूक आहे का? असेल तर ती दुरुस्त करणे योग्यच. नसेल तर आपण नेमके काय बदलतो आहोत? सातवी ते दहावीच्या पुस्तकातील तरफ, स्थितिस्थापकता, घर्षण आणि प्रकाश एवढ्या चार धड्यांच्या आधाराने या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

बैलगाडीने शिकवलेली गोष्ट

बैलगाडी भरताना जाणता माणूस पोती कशीही रचत नाही. भार आसाच्या फार मागे गेला तर गाडी उलाळ होते. दांडी वर उचलली जाते आणि बैलांच्या मानेवरचे जू वर ओढले जाते. भार फार पुढे आला तर बैलांची मान दबते. आस हा टेकू आणि गाडी ही तरफ, एवढे समजले की बाकीचे सोपे आहे.

पिकअपला दोन आस आहेत. चालकाची बैठक आणि इंजिन पुढे, तर माल भरण्याचा हौदा मागे. समजा, दोन आसांमधले अंतर ३०० सेंटिमीटर आहे. हौद्यात १००० किलो माल भरला आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे आला. आता पुढच्या आसाला टेकू मानून परिबले मांडा. मालाचे पुढच्या आसापासूनचे अंतर २७० सेंटिमीटर. म्हणून मागच्या आसावर पडणारा वाढीव भार १००० × २७० ÷ ३०० = ९०० किलो. पुढच्या आसावर उरतात फक्त १०० किलो.

म्हणजे हजार किलोंपैकी नऊशे किलो मागची चाके घेतात. माल हौद्याच्या शेवटाला रचला आणि गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे गेला तर काय होईल? मागे ११०० किलो पडतील आणि पुढचा आस उलट १०० किलोंनी हलका होईल. ही पिकअपची उलाळ. बैलगाडीत बैलांच्या मानेला ती लगेच कळते. पिकअपमध्ये ती चालकाच्या हाताला कळते: स्टिअरिंग एकदम हलके लागू लागते. घाटाच्या चढावर हे हलकेपण धोक्याचे असते, कारण वळवण्याचे काम करणाऱ्या चाकांचीच जमिनीवरची पकड कमी झालेली असते.

(इथे भार ‘किलो’मध्ये दिला आहे. काटेकोर भाषेत तो किलोग्रॅम-भार आहे. न्यूटनमध्ये हवा असल्यास ९.८ ने गुणावे.)

स्प्रिंगेचा हिशोब

स्प्रिंग किती दबते हे तिच्यावरच्या भाराच्या प्रमाणात ठरते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली हा नियम अक्षरे उलटसुलट करून कोड्याच्या रूपात प्रसिद्ध केला आणि १६७८ साली त्याची उकल दिली. तोच आपल्या पुस्तकातला हूकचा नियम.

आता वरचीच गाडी घेऊ. आकडे कोणत्याही एका कंपनीच्या गाडीचे नाहीत. हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत, पण वास्तवाला धरून आहेत. पुढच्या प्रत्येक चाकापाशी मोजले तर स्प्रिंग दर ५ किलोंना १ मिलिमीटर दबते. मागचे पाटे दर साडेचार किलोंना १ मिलिमीटर दबतात. रिकामी असताना गाडीची मागची बाजू पुढच्यापेक्षा ६० मिलिमीटर उंच आहे.

हजार किलो माल भरला. मागे ९०० किलो, म्हणजे प्रत्येक चाकावर ४५०. मागची बाजू ४५० ÷ ४.५ = १०० मिलिमीटर खाली बसली. पुढे १०० किलो, म्हणजे प्रत्येक चाकावर ५०. पुढची बाजू ५० ÷ ५ = १० मिलिमीटर बसली. दोन्हींतला फरक ९० मिलिमीटर. आधी मागची बाजू ६० मिलिमीटर वर होती. आता ती ३० मिलिमीटर खाली आहे.

अर्धाच माल, ५०० किलो, भरला तर फरक ४५ मिलिमीटरचा पडतो आणि मागची बाजू अवघी १५ मिलिमीटर वर राहते. म्हणजे नेहमीच्या कामाच्या भारात गाडी जवळजवळ सपाट असते. रिकामेपणीची उंची ही मालासाठी राखून ठेवलेली जागा आहे. पाहुणे येणार म्हणून आधीच थोडी जास्त टाकलेली बैठक म्हणा ना!

मागच्या बाजूला गोल स्प्रिंगेऐवजी पाटे असण्याचे कारणही यातच आहे. पाटे एकावर एक रचलेले असतात. पहिले काही पाटे सुरुवातीपासून काम करतात. भार वाढून कमान पुरेशी दबली की खालचा जाड मदतनीस पाटा टेकतो आणि तिथून पुढे स्प्रिंग एकदम ताठ होते. त्यामुळे आपला सरळ रेषेचा हिशोब प्रत्यक्षात थोडा वाकतो: जास्त भाराला मागची बाजू आपण काढली त्यापेक्षा कमी बसते. पण मूळ मुद्दा तोच राहतो. मागचा आस मोठ्या बदलासाठी घडवलेला आहे, पुढचा लहान बदलासाठी.

स्पेसर काय करतो?

मेढ्यासारख्या गावातल्या शाळेतही करता येईल असा एक प्रयोग आहे. खिळ्याला एक स्प्रिंग (नसल्यास चांगले रबर) टांगा. तिच्या खाली वजन अडकवा. स्प्रिंगेची लांबी मोजा आणि वजनाची उंची भिंतीवर खडूने नोंदवा. आता खिळा काढून दोन सेंटिमीटर वर ठोका आणि तीच स्प्रिंग, तेच वजन पुन्हा टांगा. वजन दोन सेंटिमीटर वर गेले. स्प्रिंगेची लांबी किती झाली? तितकीच राहिली.

मुलांना आधी अंदाज करायला सांगा. ‘उंची वाढली म्हणजे स्प्रिंग जास्त ताणली असणार’ किंवा ‘ताठ झाली असणार’ असे अनेक जण म्हणतील. पण स्प्रिंगेला फक्त भार कळतो. भार बदलला नाही तर तिची लांबीही बदलत नाही. आपण फक्त तिची टेकण्याची जागा सरकवली. स्पेसर म्हणजे नेमके हेच. तो गाडी उचलतो. स्प्रिंग ताठ करत नाही आणि गाडीची वजन पेलण्याची क्षमता तसूभरही वाढवत नाही. स्पेसर घातला म्हणून जास्त माल भरणाऱ्या मालकाला हा प्रयोग जरूर दाखवावा.

स्पेसर दोन ठिकाणी घालता येतो. पुढे गोल स्प्रिंग असलेल्या पुष्कळ पिकअपमध्ये स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच जोडखांबात बसवलेले असतात. त्याला स्ट्रट म्हणू. स्ट्रटचे वरचे टोक चेसिसला आणि खालचे टोक चाकाला धरणाऱ्या खालच्या आडव्या दांड्याला जोडलेले असते.

पहिला प्रकार म्हणजे स्ट्रटच्या डोक्यावर, चेसिस आणि स्ट्रट यांच्या मध्ये चकती ठेवणे. इथे पुन्हा तरफ भेटते. खालचा दांडा एका टोकाला चेसिसवर बिजागरीसारखा फिरतो, दुसऱ्या टोकाला चाक असते आणि स्ट्रट मध्ये कुठेतरी टेकतो. समजा, बिजागरीपासून चाकापर्यंतच्या अंतराच्या ६० टक्क्यांवर स्ट्रट टेकला आहे. मग ३० मिलिमीटर जाडीच्या चकतीने चाकापाशी ३० ÷ ०.६ = ५० मिलिमीटर फरक पडतो. ‘सवा इंची चकती टाकली, गाडी दोन इंच कशी उचलली?’ या गॅरेजमधल्या कोड्याचे उत्तर हे आहे.

दुसऱ्या प्रकारात चकती स्ट्रटच्या आत, स्प्रिंगेच्या बैठकीवर बसते. स्प्रिंग आधीपासून थोडी आवळली जाते. यामुळे ती ताठ झाली असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात आपल्या उदाहरणात पुढच्या चाकावर रिकाम्या गाडीचेच सुमारे ४०० किलो आहेत आणि त्या भाराने स्प्रिंग चाकापाशी ८० मिलिमीटर दबलेली आहे. आवळल्याने फक्त एवढे होते की, त्या ८० मिलिमीटरपैकी काही भाग गाडी टेकण्याआधीच दबलेला असतो. गाडी टेकली की एकूण दाब तोच आणि दर पाच किलोंना एक मिलिमीटर हा दरही तोच.

काही गाड्यांत पुढे गोल स्प्रिंगेऐवजी पिळली जाणारी पोलादी दांडी, म्हणजे टॉर्शन बार, असते. तिच्या टोकाचा बोल्ट फिरवला की नाक वर येते. तोही दुसऱ्याच प्रकारचा भाऊ. टाटा एस (२००५) सारख्या छोट्या मालगाड्यांत मात्र पुढेही सरळ आस आणि पाटे असतात. तिथे चकतीचा हा उपाय लागूच पडत नाही.

शॉकॲब्सॉर्बर वजन पेलतो का?

गॅरेजमध्ये ज्याला ‘शॉकअप’ म्हणतात तो भाग गाडीचे वजन पेलतो, असे पुष्कळांना वाटते. तो बदलला की गाडी ताठ उभी राहील, ही अपेक्षा त्यातूनच येते.

दुसरा प्रयोग करा. मघाच्याच टांगलेल्या स्प्रिंगेला वजनासोबत पुठ्ठ्याचा ताटाएवढा गोल जोडा. आधी तो उभा, म्हणजे कडेने हवा कापेल असा लावा. वजन खाली ओढून सोडा आणि किती झोके होतात ते मोजा. मग तोच पुठ्ठा आडवा लावून पुन्हा मोजा. झोके लवकर थांबतात. पण वजन अखेर कुठे थांबले? दोन्ही वेळा एकाच खुणेपाशी. हवेच्या विरोधाने हालचाल शमवली; वजन पेलण्याचे काम स्प्रिंगेचेच राहिले.

शॉकॲब्सॉर्बरमध्ये हवेऐवजी तेल असते. दट्ट्याला असलेल्या बारीक भोकांतून तेल रेटले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. घाटातील खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकॲब्सॉर्बर गरम लागतो तो यामुळेच. वेग नसेल तेव्हा तेलाचा विरोध शून्य. उभ्या गाडीची उंची तो ठरवत नाही.

मग ‘चांगले’ शॉकॲब्सॉर्बर घातल्याने नाक वर कसे येते? दोन कारणे आहेत. एक किरकोळ आहे. वायू भरलेल्या प्रकारात दाबाखालचा वायू दट्ट्याची दांडी बाहेर ढकलतो. दांडी १४ मिलिमीटर व्यासाची आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो धरला तर हे बल जेमतेम ३८ किलो भरते. तरफेचा हिशोब करून चाकापाशी ते सुमारे २३ किलो, म्हणजे उंचीत चार-पाच मिलिमीटरचा फरक. खरे कारण दुसरे आहे. अशा काही शॉकॲब्सॉर्बरांवर स्प्रिंगेची खालची बैठक वर-खाली सरकवण्यासाठी खाचा असतात. बैठक वरच्या खाचेत ठेवली की गाडी उचलली जाते. म्हणजे उचलतो तो स्पेसरच, फक्त त्याचे रूप वेगळे. मात्र चांगल्या बनावटीत दट्ट्याचा पल्ला आणि तेलाचा विरोध नव्या उंचीला जुळवलेला असतो. नुसत्या चकतीत ही सोय नसते. महाग आणि स्वस्त उपायांतला खरा फरक एवढाच आहे आणि तो लहान नाही.

उचललेल्या नाकाची किंमत

आता खर्चाची बाजू पाहू. पहिली भीती अशी घातली जाते की, नाक उचलले की सगळे वजन मागे जाते. हिशोब करून पाहा. तीन मीटर लांबीवर ५ सेंटिमीटर उचलणे म्हणजे ६० ला १ असा कल. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच असेल तर तो ९० ÷ ६० = दीड सेंटिमीटर मागे सरकतो. तीनशे सेंटिमीटरमध्ये दीड, म्हणजे अर्धा टक्का. अडीच हजार किलोंच्या भरलेल्या गाडीत साडेबारा किलो पुढून मागे गेले. यापेक्षा जास्त फरक एक पोते पुढे-मागे ठेवल्याने पडतो. ही भीती निराधार आहे.

खरी किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली चाकाच्या पल्ल्यात. चाकाला गतिरोधकावर वर जाण्यासाठी जशी जागा लागते तशी खड्ड्यात खाली उतरण्यासाठीही लागते. बैठक वर सरकवल्याने गाडी उभी असतानाच स्ट्रट जास्त उघडलेला असतो. खाली जाण्याचा पल्ला कमी होतो. चाक खड्ड्यात गेले की स्ट्रट पूर्ण उघडून ‘ठक्’ असा गचका बसतो आणि क्षणभर चाकाची पकड सुटते. डोक्यावरच्या चकतीत हा पल्ला कमी होत नाही, पण सगळे आडवे दांडे नेहमीपेक्षा खाली झुकतात. चाक पूर्ण उतरले की बॉल जॉइंट त्यांना नेमून दिलेल्या कोनाच्या पलीकडे वळू शकतात. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधेही तिरके होऊन लवकर झिजतात.

दुसरी किंमत टायरमध्ये. दांडे खाली झुकले की चाकाचा उभा कल आणि दोन्ही चाकांची समांतरता बदलते. अलाइनमेंट पुन्हा केली नाही तर टायर एका कडेने झिजतो. पावसाळ्यात हे जास्त महत्त्वाचे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि केळघर घाटाची वरची वळणे त्याच पावसात असतात.

तिसरी किंमत मात्र मालक मोजत नाही. ती समोरून येणारा मोजतो.

डिपरचा प्रकाश कुठे पडतो?

हेडलाइटचा डिपर किंचित खाली झुकवलेला असतो. साधारण प्रमाण शंभराला एक धरू: दहा मीटरवर प्रकाशाची वरची कडा दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच असेल तर तीस मीटरवर ही कडा ५० सेंटिमीटर उंचीवर असते. समोरच्या मोटारीच्या चालकाचे डोळे साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर आणि दुचाकीस्वाराचे त्याहून वर. दोघेही सुरक्षित.

आता पुढे ५ सेंटिमीटरचा स्पेसर घातला. कल ६० ला १. तीस मीटरवर म्हणजे ३००० सेंटिमीटरवर प्रकाश ३००० ÷ ६० = ५० सेंटिमीटर वर गेला; दिवा स्वतः ५ सेंटिमीटर उचलला गेला. कडा आता १०५ सेंटिमीटरवर, म्हणजे मोटारचालकाच्या हनुवटीशी. ही गाडी रिकामी असतानाची गोष्ट झाली.

हजार किलो भरल्यावर मागची बाजू पुढच्यापेक्षा ९० मिलिमीटर जास्त बसते हे आपण पाहिले. स्पेसर नसतानाही त्यामुळे प्रकाश तीस मीटरवर ९० सेंटिमीटर वर जातो. पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डवर आकडे लिहिलेली छोटी चकरी असते, ती यासाठीच. भार वाढला की चकरी फिरवून दिवे खाली करायचे. पण ती कारखान्यातून आलेल्या उताराचा हिशोब धरून बनवलेली असते. स्पेसर आणि माल दोन्ही एकत्र आले की कल ९० + ५० = १४० मिलिमीटरचा होतो आणि प्रकाशाची कडा तीस मीटरवर १९५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. डिपर असूनही ती समोरच्याला अप्परच आहे!

घाटात रात्री वळणावर समोरून दुचाकी येते आहे, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. डोळ्यांपुढे अंधारी आलेल्या त्या माणसाला पुढचे दोन-तीन सेकंद रस्ता दिसत नाही. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत बावीस मीटर अंतर कापले जाते. धुक्यात तर वर गेलेला प्रकाश थेंबांवरून परतून पिकअपच्या चालकाच्याच डोळ्यांत येतो. दोघेही आंधळे.

उपाय अगदी साधा आहे. सपाट अंगणात गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करा. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीची रेघ आखा आणि तिच्या दहा सेंटिमीटर खाली दुसरी. डिपर लावला की प्रकाशाची वरची कडा खालच्या रेघेवर यायला हवी. येत नसेल तर दिव्यामागचा स्क्रू फिरवून घ्यावा. नेमके प्रमाण गाडीच्या पुस्तिकेत किंवा दिव्याजवळ लिहिलेले असते; ते पाहून घ्यावे. नाक उचलल्यावर ही तपासणी करणे गाडी उचलण्याइतकेच आवश्यक आहे, आणि सगळ्यांत जास्त विसरली जाते ती हीच.

उलटी वाट: पाट्यांशी खेळ

नाक उचलण्याऐवजी मागची बाजू बसवूनही गाडी सपाट करता येते. त्यासाठी काही जण मागचा एखादा पाटा काढून टाकतात. याच्या उलट, क्षमतेपेक्षा जास्त माल भरता यावा म्हणून जादा पाटा घालण्याची पद्धत तर गावोगावी आहे. दोन्हींत एक न दिसणारा धोका आहे.

अनेक पिकअपमध्ये मागच्या आसापासून चेसिसकडे जाणारी एक बारीक दांडी असते. ती मागच्या ब्रेकच्या झडपेला जोडलेली असते. हौदा बसला, म्हणजे आस आणि चेसिस जवळ आले, की झडप समजते ‘माल भरला आहे’ आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक देते. हौदा वर असेल तर ‘गाडी रिकामी’ समजून ब्रेक कमी देते. कारण हलक्या चाकाला जोराचा ब्रेक लावला तर ते फिरायचे थांबून घसरते आणि गाडी गर्रकन वळते.

पाटा काढला की रिकामी गाडीही झडपेला भरलेली वाटते. ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरतात. जादा पाटा घातला की भरलेली गाडीही तिला रिकामी वाटते. घाट उतरताना मागचा ब्रेक अपुरा पडतो आणि सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो. बिचाऱ्या झडपेला वजन कळत नाही, फक्त उंची कळते. उंचीवरून वजन ओळखण्याचा तिचा हिशोब हूकच्याच नियमावर चालतो. आपण स्प्रिंग बदलली की तिचा तराजूच खोटा होतो.

मग करावे काय?

उंचीचा हा खेळ टोकाला गेला की काय होते ते अमेरिकेत दिसले. तिथे काही तरुणांत पिकअपचे नाक खूप उचलून मागची बाजू खाली पाडण्याची फॅशन आली. चालकाला समोरचा रस्ता नीट दिसेना आणि दिवे आकाशाकडे लागले. नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०२१ साली कायदा करून, पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच करणाऱ्या अशा बदलावर बंदी घातली. चार इंच म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर. आपली स्पेसर घातलेली आणि हजार किलो भरलेली पिकअप ८० मिलिमीटरपर्यंत पोहोचली आहे, हे लक्षात घ्या. रिकामी असताना देखणी सपाट दिसणारी गाडी माल भरल्यावर त्या बंदी घातलेल्या आकाराच्या जवळ जाते.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला दंडाची तरतूदही झाली. म्हणून काम करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

स्पेसर नेहमीच वाईट, असे मात्र म्हणता येणार नाही. पुढे कायमचे जड लोखंडी गार्ड किंवा ओढयंत्र बसवले असेल आणि त्या वजनाने नाक खाली गेले असेल, तर गेलेली उंची भरून काढण्यात अर्थ आहे. तिथेही जास्त ताठ स्प्रिंग हे खरे उत्तर. गाडी जुनी होऊन स्प्रिंग बसली असेल तर चकतीने ती तरुण होत नाही. नवी स्प्रिंगच घालावी. आणि जी गाडी क्वचितच माल वाहते तिने दोन-तीन सेंटिमीटर नाक उचलले, अलाइनमेंट करून घेतली आणि दिवे जुळवले, तर फारसे बिघडत नाही. रोज घाटातून माल नेणाऱ्या गाडीचा उतार मात्र तसाच राहू द्यावा. त्या उताराची जागा माल रोज भरून काढतोच आहे.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. मुलांच्या घरी किंवा शेजारी पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली असतेच. मालकाची परवानगी घेऊन, गाडी बंद आणि सपाट जागी उभी असताना, मडगार्डची पुढची-मागची उंची रिकामेपणी आणि माल भरल्यावर मोजायला सांगा. पोत्यांची संख्या आणि वजन लिहून घ्या. आलेखावर आडव्या अक्षावर भार आणि उभ्या अक्षावर मागची उंची मांडा. रेषा सरळ आली तर हूकचा नियम दिसला. एका ठिकाणी रेषा मोडून चपटी झाली तर मुलांना गाडीखाली न शिरता, बाजूने वाकून पाहायला सांगा: तिथे मदतनीस पाटा टेकलेला दिसेल.